अमेरिकेतल्या हाय प्लेन्सचे जुने टोपो नकाशे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम कॅन्सस, पश्चिम नेब्रास्का, पूर्व कोलोरॅडो आणि ओक्लाहोमा-टेक्ससचे पॅनहँडल (राज्यातून दांड्यासारखे पुढे आलेले भाग) या शेतीच्या पट्ट्याच्या जुन्या टोपो, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा आणि तिच्यावरच्या खुणा दाखवणाऱ्या, नकाशांबद्दल मराठी वाचकांकडून तेच तेच प्रश्न येतात. काही भूगोलाच्या विद्यार्थ्यांचे असतात, काही जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशांत) काम करणाऱ्यांचे, तर काही डेन्व्हर-ओमाहाकडे स्थायिक झालेल्यांचे. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अडचणीचे शेवटी आहेत. एकाचे उत्तर दुसरीकडे आले असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तो सगळा भाग सपाट आहे ना? मग उंचसखलपणाच्या नकाशात बघायचे काय?

सपाट दिसतो, पण उतरता आहे. रॉकी पर्वतातून वाहून आलेल्या गाळाचे हे पठार पूर्वेकडे इतके हळू उतरते की गाडीतून जाताना कळतही नाही. कॅन्सस राज्यातले सर्वांत उंच ठिकाण माउंट सनफ्लॉवर, ४,०३९ फूट. नावात ‘माउंट’ असले तरी तिथे डोंगर नाही, कुरण आहे, आणि कोलोरॅडोची सीमा तिथून अर्ध्या मैलाच्या आत आहे. त्याच राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात उंची ६७९ फुटांपर्यंत उतरते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, कंटूर रेषांत, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांत, दिसतो.

शिवाय या नकाशांत कंटूरपेक्षा बाकीच्या खुणाच जास्त वाचनीय आहेत: शाळा, पवनचक्क्या, दफनभूमी, उखडलेले लोहमार्ग, पावसाळी तळी. डोंगराळ भागाच्या नकाशात कंटूरच इतके दाट असतात की माणसाच्या खुणा त्यात हरवतात. इथे कागद मोकळा असतो आणि एकेक घरसुद्धा ठळक दिसते.

२. हे नकाशे कोणी काढले?

युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे, म्हणजे यूएसजीएस या संस्थेने. स्थापना १८७९ची. देशभर टोपो नकाशे काढण्याचा कार्यक्रम जॉन वेस्ली पॉवेल संचालक असताना १८८४पासून सुरू झाला. सुरुवातीला सर्व्हेअर प्लेन टेबल (तिवईवरचा रेखाटनाचा फळा) घेऊन शेतात उभे राहत आणि जागेवरच रेखाटन करत. मग ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळा, निळा आणि तपकिरी अशा तीन रंगांत छापले जाई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हवाई छायाचित्रांवरून नकाशे काढण्याची पद्धत रुळली होती.

३. कुठे मिळतात? पैसे लागतात का? पुण्यात बसून उतरवून घेता येतील का?

येतील. यूएसजीएसने १८८४ ते २००६ या काळातले पावणेदोन लाखांहून अधिक नकाशे स्कॅन करून ‘टोपोव्ह्यू’ या त्यांच्याच संकेतस्थळावर ठेवले आहेत. ते मोफत आहेत, खाते उघडावे लागत नाही आणि परदेशातूनही चालते. जगाच्या नकाशावर जागा निवडली की त्या जागेचे सगळे जुने नकाशे सालवार समोर येतात. जिओटिफ, जिओपीडीएफ, जेपेग आणि केएमझेड या चार स्वरूपांत मिळतात. नुसते बघायचे असेल तर जेपेग, क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत टाकायचे असेल तर जिओटिफ घ्या. हे नकाशे कॉपीराइटमुक्त आहेत, त्यामुळे पुस्तकात किंवा प्रबंधात छापायला परवानगी मागावी लागत नाही. आपल्याकडे टोपोशीटसाठी अर्ज-दाखल्यांचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे खरे वाटायला जरा वेळ लागतो.

४. एकाच गावाचे चार-पाच वेगवेगळ्या प्रमाणांचे नकाशे दिसतात. कोणता घेऊ?

काय शोधता आहात त्यावर. १८९०च्या दशकातले बहुतेक नकाशे १:१,२५,००० प्रमाणाचे, ३० मिनिटे अक्षांश गुणिले ३० मिनिटे रेखांश एवढ्या चौकटीचे. त्यावर गाव, लोहमार्ग आणि मोठे ओढे कळतात. त्यांचे कंटूर मात्र मोजक्या बिंदूंच्या आधारे नजरेने जोडलेले असतात, त्यावरून उतार मोजू नका. नंतर १५ मिनिटांचे, १:६२,५०० प्रमाणाचे आले. एक इंच म्हणजे जवळपास एक मैल, म्हणजे आपल्या जुन्या इंची शीटच्या अगदी जवळचे, आणि चौकटही तीच.

शेत, घर, विहीर बघायची असेल तर ७.५ मिनिटांचा, १:२४,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. कॅन्ससच्या अक्षांशावर तो साधारण ११ किलोमीटर रुंद आणि १४ किलोमीटर उंच जागा दाखवतो. एक सेंटिमीटर म्हणजे २४० मीटर. अडचण एवढीच की ही मालिका सलग अमेरिकेभर पुरी व्हायला १९९०चे दशक उजाडले, आणि विरळ वस्तीच्या शेतीभागांची पाळी बऱ्याचदा उशिरा आली. त्यामुळे १९२० साली तुमचे ठिकाण कसे होते याचा तपशीलवार टोपो नकाशा मुळात नसण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा प्रश्न १४मधले दुसरे मार्ग बघा.

५. नकाशावर तीन-तीन साले आहेत. खरे कोणते धरू?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यांत जास्त घोटाळेही इथेच होतात. एका नकाशावर एकच काळ असतो हे गृहीतच चुकीचे आहे. जुन्या शीटच्या खालच्या कोपऱ्यात ‘अमुक साली सर्वेक्षण’ असे असते, दुसरीकडे ‘अमुक सालची आवृत्ती’ आणि त्याखाली ‘अमुक साली पुनर्मुद्रण’. पुनर्मुद्रणात बहुधा काहीही बदललेले नसते. १८९३च्या आवृत्तीचा १९२१ला छापलेला कागद हाती आला, तर त्यातले गाव १९२१ला होते असा निष्कर्ष काढता येत नाही. ते सर्वेक्षणाच्या साली होते, एवढेच म्हणता येते.

१९५०नंतरच्या शीटवर हवाई छायाचित्रांचे साल वेगळे, जागेवर जाऊन तपासल्याचे साल वेगळे आणि छपाईचे वेगळे. घरे आणि रस्ते छायाचित्राच्या सालचे धरा. ओढ्यांची व शाळांची नावे आणि रस्त्यांचा दर्जा जागेवरच्या तपासणीचे धरा. राज्य आणि काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) सीमा छपाईच्या सुमाराच्या असू शकतात. टोपोव्ह्यूवर यादीत दिसणारे साल यांपैकी एकच असते, म्हणून नकाशा उघडून समासातला मजकूर वाचल्याशिवाय कुठलेही विधान करू नका. प्रबंधात संदर्भ देताना सर्वेक्षणाचे आणि छपाईचे अशी दोन्ही साले द्या.

६. काही घरे आणि रस्ते जांभळ्या रंगात का आहेत?

जुना नकाशा पुन्हा काढण्याइतका पैसा किंवा वेळ नसे, तेव्हा नव्या हवाई छायाचित्रांवरून फक्त बदल टिपून ते जांभळ्या रंगात वरून छापत. १९७० आणि ८०च्या दशकांत हे खूप झाले. जांभळे म्हणजे नवे, पण जागेवर जाऊन न तपासलेले. छायाचित्रात लांबट पत्र्याचे छप्पर दिसले, एवढ्यावर ते गोठा आहे की यंत्रांची शेड हे ठरत नाही. तसेच नवे वाढवले म्हणून जुने पडलेले सगळे पुसले असेल असेही धरू नका.

बाकीचे रंग सोपे आहेत: काळे माणसाने बांधलेले, निळे पाणी, तपकिरी कंटूर, हिरवी झाडी, लाल मोठे रस्ते आणि जमिनीच्या मोजणीच्या रेषा.

७. नकाशाभर लाल चौकोन आणि १ ते ३६ आकडे आहेत. हे गट नंबर आहेत का?

काम साधारण तेच, पण घडण उलट्या दिशेने झाली. आपल्याकडे आधी शेते आणि बांध होते, मग मोजणी होऊन त्यांना सर्व्हे नंबर मिळाले. हाय प्लेन्सवर आधी मोजणी झाली, मग त्या चौकोनांत शेतकरी येऊन बसले.

सहा मैल गुणिले सहा मैलांचा एक ‘टाउनशिप’. त्यात एक-एक चौरस मैलाचे ३६ ‘सेक्शन’, प्रत्येक ६४० एकरांचा. आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे ६पर्यंत जातात, मग खालच्या ओळीत ७पासून उलटे पूर्वेकडे येतात. तासाच्या टोकाला बैल वळवावेत तसा हा क्रम आग्नेय कोपऱ्यातल्या ३६वर संपतो. सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, आणि १८६२च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला मिळणारी जमीन एवढीच. पूर्वेकडच्या ओल्या मुलखात एवढी पुरे, पण पश्चिम नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत त्यावर घर चालेना. म्हणून १९०४च्या किंकेड कायद्याने तिथे ६४० एकर देऊ केले. जुन्या नकाशात घरे कुठे अर्ध्या-अर्ध्या मैलावर आणि कुठे मैल-दीड मैलावर का दिसतात, त्याचे अर्धे उत्तर या कायद्यांत आहे, उरलेले पावसात.

कॅन्सस, नेब्रास्का आणि बहुतेक कोलोरॅडोसाठी ही मोजणी ‘सहाव्या मुख्य याम्योत्तरा’पासून (उत्तर-दक्षिण आधाररेषेपासून) होते आणि पायारेषा ४० अंश उत्तर अक्षांशाची आहे. कॅन्सस-नेब्रास्काची सीमाही हीच रेषा. सेक्शन १६ आणि ३६ शाळांच्या खर्चासाठी राखीव होते. मात्र शाळेची इमारत त्याच सेक्शनात असायची असे नाही, त्यामुळे तिथे शाळा दिसली नाही तर नकाशा चुकला असे समजू नका.

८. रस्ता सरळ सरळ जातो आणि मध्येच काटकोनात वळून पुन्हा सरळ होतो. छपाईची चूक का?

चूक नाही. उत्तरेकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ येतात, त्यामुळे सहा मैलांचे चौकोन गोल पृथ्वीवर नीट बसत नाहीत. ठरावीक अंतरावर दुरुस्तीची आडवी रेषा घेऊन तिथून रुंदी पुन्हा मोजली जाई. सेक्शनच्या कडेने गेलेले रस्ते त्या रेषेवर सरकतात. प्रत्यक्षातही वळण तिथेच आहे, धुक्यात सांभाळून चालवा.

९. कोणत्या शेतात काय पीक होते हे कळेल का?

नाही. टोपो नकाशात फळबागा आणि द्राक्षमळे दाखवत, गहू-मका-ज्वारी नाही. विमानातून दिसणारी ती प्रसिद्ध हिरवी वर्तुळेही इथे बहुतेक सापडणार नाहीत. सेंटर पिव्हट, म्हणजे मधल्या खुंट्याभोवती फिरणारी सिंचनाची लांब नळी, फ्रँक झायबाक या शेतकऱ्याने शोधली. पेटंट १९५२चे. १६० एकरांच्या चौकोनात वर्तुळ बसवले की साधारण १२५ ते १३० एकर भिजतात आणि चार कोपरे कोरडे राहतात. हा या मुलखातला शंभर वर्षांतला सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल, पण टोपो नकाशा त्याबद्दल गप्प आहे. फार तर जवळपास विहिरी आणि टाक्यांच्या खुणा वाढलेल्या दिसतात.

१०. गोल कंटूरला आतून बारीक दाते आहेत. ही टेकडी आहे का?

खळगा आहे. दाते उताराच्या दिशेला, म्हणजे आत वळलेले असतात. ही बहुधा ‘प्लाया’ तळी, पावसाने भरणारी आणि एरवी कोरडी, म्हणून पाणी तुटक निळ्या रेषेने दाखवलेले असते. त्यांतून बाहेर ओढा निघत नाही. टेक्सस पॅनहँडलच्या शीटवर ती हजारोंनी आहेत. खाली झिरपणारे पाणी ओगालाला जलधराला (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थराला) मिळते, म्हणून भूजलाचा अभ्यास करणाऱ्यांना जुन्या नकाशातले नांगरून बुजवलेले प्लाया फार कामाचे ठरतात. १० फुटी कंटूर असलेल्या शीटवर पाच-सहा फूट खोल तळे सुटू शकते हे ध्यानात ठेवा.

११. जुन्या नकाशात पवनचक्की, शाळा, घर आहे. आजच्या नकाशात नाही. म्हणजे पाडले?

तसे म्हणता येत नाही. २००९पासूनची ‘यूएस टोपो’ मालिका संगणकातल्या तयार माहितीवरून बनते. पवनचक्क्या, विहिरी आणि सुटी घरे त्यात मुळातच धरत नाहीत. म्हणून तुलना जुन्या मालिकेतल्याच दोन नकाशांची करा, आणि आजची स्थिती उपग्रह छायाचित्रात बघा. एकशिक्षकी शाळा एकत्रीकरणात बंद पडल्या, त्यांतल्या कित्येक इमारती गोठे किंवा कोठारे म्हणून उभ्या आहेत. दफनभूमी सहसा हलत नाही, त्यामुळे जागा पक्की करायला तिचा आधार उत्तम.

१२. १८९०च्या नकाशात ठळक अक्षरांत गाव आहे, आज तिथे गव्हाचे शेत. अख्खे गाव जाते कुठे?

बऱ्याचदा लोहमार्ग दुसरीकडून गेला, किंवा काउंटीचे मुख्यालय दुसऱ्या गावाला मिळाले. १८८०च्या दशकात पश्चिम कॅन्ससमध्ये मुख्यालयावरून अक्षरशः बंदुका चालल्या. रव्हाना आणि एमिनेन्स ही दोन गावे गारफिल्ड काउंटीच्या मुख्यालयासाठी भांडली. पुढे निघाले असे की काउंटीचे क्षेत्रफळ राज्यघटनेने घातलेल्या किमान ४३२ चौरस मैलांच्या अटीत बसत नाही. १८९३मध्ये काउंटीच रद्द झाली आणि फिनी काउंटीत विलीन झाली. दोन्ही गावे ओस पडली. मोजणीवरून गाव बुडाल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

हरवलेले गाव शोधताना आधी यूएसजीएसच्या भौगोलिक नावांच्या कोशात बघा. तिथे बंद पडलेल्या जागांपुढे ‘ऐतिहासिक’ अशी नोंद असते. मग नकाशात ‘जुना रेल्वे भराव’ असा शब्द किंवा शेतातून तिरपा जाणारा कंटूरचा उंचवटा शोधा. चौकोनी रस्त्यांच्या मुलखात तिरपी रेषा दिसली की तिथे ओढा, लोहमार्ग किंवा सांता फे ट्रेलसारखी जुनी वाट असणार.

१३. नकाशात नदी आणि तलाव निळे आहेत, प्रत्यक्षात वाळू आहे. कोणावर विश्वास ठेवू?

दोघांवर, आपापल्या सालासाठी. पश्चिम कॅन्ससमध्ये गार्डन सिटीजवळ आर्कान्सा नदी जुन्या शीटवर रुंद वाहती दाखवली आहे. आज ते पात्र वर्षाचा बराच काळ कोरडे असते. वर कोलोरॅडोत कालव्यांनी पाणी उचलले, खाली पंपांनी भूजल ओढले. पाणीवाटपावरून कॅन्सस आणि कोलोरॅडो विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सर्वोच्च न्यायालयात भांडत आले. १९४९चा करार होऊनही भांडण संपले नाही. कृष्णा लवादाच्या बातम्या वाचणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही.

उलटेही घडते. नेब्रास्कात ओगालाला गावाजवळ १९४१मध्ये किंग्स्ली धरण पुरे झाले आणि मॅककॉनही तलाव भरला. लेमॉइन गाव आधीच वर हलवले होते. त्याआधीच्या शीटवर नॉर्थ प्लॅट नदीचे मोकळे खोरे दिसते. पूर्व कोलोरॅडोतला बॉनी तलाव तर नकाशात आला आणि गेलाही: धरण १९५०च्या सुमाराचे, पण रिपब्लिकन नदीच्या करारानुसार कॅन्ससला पाणी देण्यासाठी २०११मध्ये तो रिकामा केला. मधल्या सगळ्या शीटवर तो निळाच आहे.

१४. १९३०च्या धुळीच्या वादळांच्या खुणा दिसतात का?

थेट नाही. टोपो नकाशा धूळ दाखवत नाही, आणि त्या दशकातल्या शीट इथे विरळच आहेत. परिणाम मात्र नंतर दिसतो. कॅन्ससच्या मॉर्टन काउंटीत आणि कोलोरॅडोच्या बाका काउंटीत उजाड झालेली शेते सरकारने विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणली. १९६०पासून ती सिमरॉन आणि कोमांची राष्ट्रीय कुरणे म्हणून ओळखली जातात. या कुरणांची हद्द नकाशात बुद्धिबळाच्या पटासारखी तुटक आहे, कारण ज्यांनी विकली त्यांचीच जमीन आत आली.

त्या काळाचे तपशील हवे असतील तर शेती खात्याने १९३०च्या उत्तरार्धापासून काढलेली हवाई छायाचित्रे बघा. त्याहून आधीचे हवे असेल तर जनरल लँड ऑफिसचे, म्हणजे संघराज्याच्या तेव्हाच्या जमीन कचेरीचे, मूळ मोजणी नकाशे. ते ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि होमस्टेडची मालकीपत्रेही तिथेच सेक्शन नंबरवरून शोधता येतात.

१५. क्यूजीआयएसमध्ये जुना नकाशा उपग्रह चित्रावर टाकला तर सरकतो. का?

पायाच वेगळा आहे. विसाव्या शतकातले बहुतेक शीट ‘नॅड २७’ या डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या पायावर) आहेत, उपग्रह चित्रे डब्ल्यूजीएस ८४वर. या भागात अक्षांश-रेखांशांत काही दहा मीटरांचा फरक पडतो. पण दोन्ही डेटमचे यूटीएम आकडे (जागा मीटरमध्ये सांगणारे) सरमिसळ केले तर उत्तर-दक्षिण फरक सुमारे २०० मीटरपर्यंत जातो. तुमचा नकाशा साधारण तेवढाच सरकला असेल तर डेटम चुकीचा निवडला आहे, नकाशा बरोबर आहे. १८९०च्या शीटला हे उत्तर लागू नाही, तिथली चूक सर्वेक्षणातलीच असते आणि ती जागोजागी वेगळी असते. त्यांना सेक्शनचे कोपरे धरून हाताने बसवावे लागते.

नॅड २७चा मूळ बिंदू कॅन्ससमध्येच आहे: ऑस्बोर्न काउंटीतले मीड्स रँच नावाचे कुरण. आपल्या भारतीय नकाशांसाठी मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरचे जे स्थान, ते तिकडे या कुरणाचे.

उंचीचे आकडेही जुन्या समुद्रसपाटीनुसार असतात. आजच्या जीपीएसच्या उंचीशी एक-दोन फुटांची तुलना करत बसू नका. समासातला चुंबकीय उत्तरेचा कोनही त्या सालचाच असतो, कंपासला वापरू नका.

१६. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद आहे. हा नकाशा पुरावा म्हणून चालेल?

हद्द ठरवायला नाही. १:२४,०००वर पेन्सिलीच्या रेघेएवढी जाडी जमिनीवर दहा-बारा मीटर होते. कायद्याने मान आहे तो मूळ मोजणीत रोवलेल्या कोपऱ्याच्या खुणेला, मग ती आज मोजून थोडी चुकलेली का असेना. परवानाधारक सर्व्हेअरकडे जा. जुना रस्ता किंवा विहीर अमुक साली होती, एवढे दाखवायला मात्र नकाशा उपयोगी पडू शकतो. तिथेही प्रश्न ५ आधी वाचा.

१७. १८६४च्या हत्याकांडाचे सँड क्रीक नकाशात सापडत नाही.

‘बिग सँडी क्रीक’ शोधा, कोलोरॅडोच्या कायोवा काउंटीत. शायान आणि अरापाहो या मूळ अमेरिकी जमातींच्या छावणीवर २९ नोव्हेंबर १८६४ला हल्ला झाला तो याच ओढ्यावर. १९९०च्या दशकाअखेर नॅशनल पार्क सर्व्हिसने जागा निश्चित करताना लेफ्टनंट बॉन्सॉलचा १८६८चा हाताने काढलेला नकाशा वापरला, कारण टोपो शीट इथे दोन दशकांहून अधिक उशिरा आले. नावे शोधताना हे कायम ध्यानात असू द्या: लोकांच्या तोंडचे नाव आणि सरकारी नाममंडळाने मान्य केलेले नाव वेगळे असू शकते.

१८. टेक्ससच्या पॅनहँडलमध्ये लाल सेक्शन नंबर का नाहीत? ओक्लाहोमात आहेत, पण जुळत नाहीत.

टेक्सस १८४५मध्ये संघराज्यात आले ते आपली सरकारी जमीन स्वतःकडे ठेवून, त्यामुळे संघराज्याची चौकोनी मोजणी तिथे झालीच नाही. पॅनहँडलची जमीन राज्याने रेल्वे कंपन्यांना आणि इतरांना ‘ब्लॉक’ करून वाटली. ऑस्टिनमधली राज्याची विधानभवनाची इमारत बांधून देण्याच्या मोबदल्यात तर तीस लाख एकर दिले, त्याचेच पुढे एक्सआयटी रँच झाले. इथे मालकी शोधायची तर ब्लॉक आणि सर्व्हेचे नाव टेक्ससच्या जनरल लँड ऑफिसात बघावे लागते.

ओक्लाहोमा पॅनहँडलमध्ये चौकोन आहेत, पण ते स्वतंत्र ‘सिमरॉन याम्योत्तरा’वरून मोजलेले. त्यामुळे कॅन्ससच्या सीमेवर रेषा एकमेकींना भिडत नाहीत आणि टाउनशिपचे आकडे एकदम बदलतात. पत्ता लिहिताना टाउनशिप आणि रेंजसोबत (याम्योत्तरापासून पूर्व-पश्चिम मोजलेल्या पट्ट्याच्या आकड्यासोबत) कोणते याम्योत्तर हेही लिहा, नाहीतर त्याच आकड्यांची जागा दुसऱ्या राज्यातही निघेल.